पांढऱ्या चादरींचं दालन

ज्या टेबलावर आठवडाभर लोकांच्या कवळ्या बनत, त्याच टेबलावर रविवारी दुपारी पलीकडचा मुलूख मांडला जाई. पलीकडचा मुलूख म्हणजे आत्म्यांचं जग. ते कवळीवाल्यानं स्वतः रचलं होतं आणि हाताशी होतं तेच सामान त्यात घातलं होतं. डोंगर दातांच्या साच्यांसाठी आणलेल्या प्लास्टरचे, दऱ्या त्यातच कोरलेल्या, आणि जंगलं, पूल, मनोरे हिरड्यांच्या गुलाबी मेणाचे. त्यामुळे ते गूढ, धुक्यात बुडालेलं जग पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, की कुणीतरी तोंड उघडून जांभई देतंय.

खेळ म्हटलं तर सोपा होता. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, त्या सोंगाचा आत्मा देहातून निघून पलीकडच्या मुलखात भटकतो असं समजायचं, आणि समोर काय येतं ते कवळीवाल्यानं सांगायचं. लढाई, उडी, मंत्र, असं काही धोक्याचं आलं, की फासा टाकायचा. जितका मोठा आकडा तितकं नशीब बरं. औषधांच्या दुकानाचा मालक केमिस्ट हा घुबड पाळणारा मांत्रिक होता. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई हातात तलवार घेतलेल्या योद्धा होत्या. त्या आधी मारत आणि मग कोण होता ते विचारत. वर्गात तसं करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि कवळीवाल्याची थोरली बहीण, जिला सगळेच ताई म्हणत, ती नावाडीण होती. ती कुणाला मारत नसे, कुणाच्या वाटेला जात नसे. आत्म्यांना या काठावरून त्या काठावर सोडी आणि परत येई. बाकीचे दोघे तिला हसत. मात्र अडचणीत आले की तिच्याच होडीत बसत.

टेबलाचा मोठा कायदा एकच होता, टेबलावर झालं ते झालं. एकदा फासा पडला, एकदा कवळीवाल्याच्या तोंडून शब्द गेला, की ते पुसायचं नाही. या कायद्याचा जन्म झाला त्या दिवशी केमिस्टचं घुबड मेलं होतं. केमिस्टनं हात जोडले, वाद घातला, बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. कवळीवाला बधला नाही. जगाला नियम नसला तर ते जग कसलं, असं त्यानं तेव्हा ऐकवलं होतं, आणि स्वतःच्याच तोंडी ते वाक्य त्याला इतकं शोभून दिसलं, की पुढे त्यानं ते बरेचदा वापरलं. केमिस्टनं दुसरं घुबड पाळलं नाही. माणसं म्हणत सावरला, पण पक्ष्याचा विषय निघाला की तो अजून चष्मा पुसतो.

आणि एक रीत होती. पलीकडच्या मुलखात जागत्या जागा होत्या. जागती जागा म्हणजे जिथं शक्ती साठलेली असते. दमलेला आत्मा तिथं टेकला, की त्याला बळ येतं. या जागा कवळीवाला मनानं रचत नसे. जो खेळायला बसेल त्यानं आपल्या खऱ्या आयुष्यातली एक जागा आणायची, जिथं उभं राहिल्यावर आत काहीतरी हललं होतं अशी, आणि ती फक्त कवळीवाल्याच्या कानात सांगायची. मग तो ती ओळखू येणार नाही अशी बदलून, मेणाची करून नकाशावर बसवी. कुणाची कोणती ते इतरांनी विचारायचं नाही. केमिस्टनं शाळेच्या पाण्याच्या टाकीमागची जागा दिली होती आणि नंतर स्वतःच सगळ्यांना सांगून टाकली होती, त्या वेळच्या मुलीच्या नावासकट. बाईंनी दीपगृह दिलं होतं. बाईंनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे ते नकाशाच्या पुस्तकातून उचललंय असा कवळीवाल्याला संशय होता. पण भूगोल शिकवणाऱ्या माणसाचं काही नकाशातही हलत असेल, म्हणून त्यानं ते घेतलं.

ताईची जागा तिनं कानात सांगितली नव्हती. ती याच टेबलाशेजारी, खिडकीजवळच्या उंच खुर्चीत बसून सांगितली होती. तिच्या दाढेला कॅप बसवायची होती आणि कवळीवाला तिच्या दातांचा ठसा घेणार होता. खरं तर ते डॉक्टरांचं काम; पण सख्ख्या बहिणीला डॉक्टरांकडे कोण पाठवतो.

ताई एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत मुकादम होती. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, तिथंच बॉयलरवर होते. लॉन्ड्रीत चादरी सुकवायचं एक लांबलचक दालन होतं. छताला आकडे, आकड्यांना दोऱ्या, दोऱ्यांवर रांगेनं पांढऱ्या चादरी आणि भिंतीत गरम हवेचे पंखे. भाऊजी कामातून सुटले की चादरींच्या पलीकडच्या बाजूनं चालत येत आणि ताई जिथं उभी असेल तिथं चादरीला बोट खुपसत. नेमकं तिच्या खांद्याशी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती दर वेळी दचके आणि दर वेळी म्हणे, की तुम्हाला दुसरं काम नाही का.

भाऊजी गेले. ताई कामावर परतली त्या दिवशी ती त्या दालनात उभी होती, आणि चादर तिच्या खांद्याशी टेकून गेली.

‘‘पंखा होता,’’ ती खुर्चीत बसून म्हणाली होती. ‘‘मला काय कळत नाही का छोट्या? पण पंख्याला एवढं नेमकं जमतं?’’

छोट्या म्हणजे कवळीवाला. पन्नाशी उलटली, केस गेले, तरी तिच्या लेखी छोट्याच.  त्याच्या हातात ठशाच्या ओल्या लगद्यानं भरलेला ट्रे होता. त्यानं तो ताईच्या तोंडात घातला.

ठसा घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही. ताई बोलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कवळीवाल्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. नंतर तिनं तोंड धुतलं, रुमालानं पुसलं आणि जाता जाता म्हणाली, की माझी जागा ती धर. त्यानं धरली. पलीकडच्या मुलखाच्या मधोमध त्यानं मेणाचा पत्रा तापवून, ताणून, कागदाइतका पातळ करून पांढऱ्या चादरींचं दालन केलं. सगळं जग गुलाबी असताना तेवढ्यासाठी मुद्दाम पांढरं मेण मागवलं. तिथं आत्मा नुसता उभा राहिला, की पलीकडून चादरीला एक बोट टेके आणि त्याचं सगळं बळ परत येई. मुलखातल्या बाकी प्रत्येक जागत्या जागेत बळ घ्यायला फासा टाकावा लागे. इथं लागत नसे. तसं त्यानं ठरवून केलं होतं आणि त्याबद्दल त्याला स्वतःचं फार कौतुक होतं.

ती जागा त्यानंच जाळली.

त्याचं असं झालं. त्या रविवारी खेळ मरगळला होता. राखेचा राजा नावाचा एक नवा खलनायक त्यानं आठवडाभर खपून तयार केला होता. तो आला, गडगडाटी हसला, आणि कुणाला काहीच वाटलं नाही. बाई टेबलाखाली मोबाइल बघत होत्या. केमिस्टनं जांभई दिली. साधी नव्हे, शेवटी आवाज निघणारी. कवळीवाल्याला ती काळजाला लागली. लोकांची उघडी तोंडं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता, पण रविवारी त्याला ती तशी बघवत नसत.

आता यांना हलवायचं, असं त्याच्या मनात आलं. हलवायचं तर यांच्या जिवाचं काहीतरी गेलं पाहिजे. त्यानं नकाशावर नजर टाकली. टाकीमागची जागा जाळली तर केमिस्ट हसला असता. दीपगृह जळलं तर बाईंनी अक्षांश विचारले असते. पांढरं दालन सगळ्यांच्याच उपयोगाचं होतं, सगळे तिथं बळ घेत. शिवाय मधोमध होतं, दिसायला सुंदर होतं. जळताना फार छान दिसलं असतं.

ताई समोरच बसली होती. ती त्याला दिसत होती. हे नंतर त्याला पुनःपुन्हा आठवायचं, की ती दिसत होती.

त्यानं स्पिरिटचा दिवा पेटवला, मेण कापायची सुरी लाल होईस्तोवर तापवली, आणि आवाज खाली आणत सांगितलं, की राखेचा राजा चादरींच्या दालनाशी येऊन थांबला आहे. राजानं एक बोट पुढे केलं आहे. आणि सुरी त्यानं पांढऱ्या मेणाला टेकवली. चादरी एकेक करून आकसल्या, वितळल्या, डोंगराच्या प्लास्टरवरून ओघळल्या. बाईंच्या हातून मोबाइल मांडीवर पडला. केमिस्ट उभाच राहिला. खोलीत मेणाचा वास पसरला आणि कुणी श्वास घेईना. इतकी वर्षं खेळ चालवला, पण असा क्षण कवळीवाल्याला कधी मिळाला नव्हता. केमिस्टनं तर चक्क टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, की अंगावर काटा आला हो. कवळीवाल्यानं नम्रपणे मान झुकवली.

‘‘छान जमलं,’’ ताई म्हणाली.

मग ती उठली आणि चहाचे कप गोळा करू लागली.

ताई रविवारी कधी कप धूत नसे. आठवडाभर अख्ख्या हॉटेलचं धुते, रविवारी मी बशीसुद्धा विसळणार नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, आणि तिचा चहाचा डाग पडलेला कप टेबलावर तसाच राही. पण लहानपणापासून तिचं एक होतं, राग आला की ती घासायला घेई. बोलत काही नसे. त्या दिवशी तिनं चारही कप धुतले. बश्या धुतल्या. चहाचं पातेलं धुतलं, गाळणं धुतलं. शेवटी प्लास्टर कालवायचा कवळीवाल्याचा रबरी वाडगा, जो त्यानं घेतल्यापासून कुणी धुतला नव्हता, तोही नितळ करून पालथा घातला. मग ती घरी गेली.

पुढच्या रविवारी ताई आली नाही. काम आहे, असा निरोप आला. लॉन्ड्री रविवारी अर्धा दिवस असते, हे कवळीवाल्याला ठाऊक होतं, आणि त्याला ते ठाऊक आहे हे ताईलाही ठाऊक होतं.

त्या आठवड्यात त्यानं एका सज्जन माणसाच्या कवळीत सुळे उलटसुलट बसवले. हात मेणावर आणि डोकं भलतीकडे. मनातल्या मनात तो खटला चालवी आणि दोन्ही बाजूंचा वकील तोच असे. खेळ आहे, खेळात जागा जळतात. बरोबर. कथेला धक्का हवा असतो. बरोबर. ताईला कुणी नाव घेऊन काही म्हटलं का? नाही. तुला ठाऊक होतं का? इथं वकिलाला खोकला येई.

त्यानं केमिस्टकडे जाऊन आडून विचारलं, की समजा, नुसतं समजा, एखादी जळलेली जागा परत आणायची झाली तर टेबलाची हरकत असेल का. केमिस्ट कुणाचं तरी खोकल्याचं औषध बांधत होता. त्यानं बांधणं थांबवलं. ‘‘माझं घुबड परत येणार असेल तर विचार करू,’’ तो म्हणाला, आणि चष्मा पुसायला घेतला.

शेवटी कवळीवाला लॉन्ड्रीत गेला. सबब म्हणून ताईची कॅप तपासायची अवजारं खिशात ठेवली होती. ताई दालनात आहे असं कुणीतरी सांगितलं, आणि तो वाफेतून, कपड्यांच्या ढिगांतून वाट काढत तिथं पोचला. ज्या जागेची त्यानं मेणाची प्रतिमा केली होती, ती जागा तो पहिल्यांदाच पाहत होता.

दालन रिकामं होतं. छताला आकडे होते, दोऱ्या नव्हत्या. पंख्यांची भोकं विटा लावून बुजवली होती, सिमेंट अजून ओलं होतं. एका भिंतीशी पुठ्ठ्याच्या खोक्यांत कपाटाएवढी यंत्रं उभी होती आणि ताई हातवारे करून दोन माणसांना कोणतं कुठं लावायचं ते सांगत होती. चादरी आता यंत्रात गरगर फिरून सुकणार होत्या. टांगायची गरज उरली नव्हती.

‘‘हे कधी ठरलं?’’ त्यानं विचारलं.

ताईनं सांगितलं, की ठरून बरेच दिवस झाले. टेबलावर सगळ्यांपुढे बोलले होते की मी. त्या दिवशी तू राखेच्या राजाचा मुकुट कोरत होतास. हं हं, म्हणालास.

त्याला ते हं हं आठवलं. मुकुटाचं तिसरं टोक तेव्हा तुटायच्या बेताला आलं होतं.

माणसं खोकं सरकवायला बाहेर गेली. ताईनं वर आकड्यांकडे पाहिलं, जसं घर सोडताना माणूस एकदा खिळ्यांकडे पाहतं. ‘‘इथलं जाणार ते मला ठाऊकच होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तिथं तरी राहील असं वाटलं होतं.’’

  कवळीवाल्यानं खिशातली अवजारं चाचपली आणि कॅप कशी आहे ते विचारलं. कॅप बरी आहे, ती म्हणाली. मग त्यानं या रविवारी ये असं सांगितलं, दोनदा सांगितलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बघू, म्हणाली.

परतताना त्याला उपाय सुचला, आणि तो सुचल्याबरोबर त्याला इतकं हलकं वाटलं, की आपण काहीतरी चुकतोय हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. टेबलावर झालं ते पुसता येत नाही, ठीक. पण टेबलावर नवीन काही घडू तर शकतं. राखेतून जागा पुन्हा जागी होऊ शकते, नशिबानं साथ दिली तर. आणि नशीब म्हणजे काय, फासा. फासा म्हणजे काय, दातासारखाच एक तुकडा. दात बनवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

दातांच्याच मालातून त्यानं एक नवा फासा केला. रंग जुन्या हस्तिदंतासारखा, कडा गुळगुळीत, ठिपके एकसारखे. सहाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, आत, त्यानं धातूचा कण पुरला, वरून भरलं, घासलं, चकाकी दिली. टाकून पाहिला. सहा. फार देखणं काम झालं होतं. एवढं मन लावून त्यानं कित्येक दिवसांत काही केलं नव्हतं, उलट्या सुळेवाल्या सज्जनासाठी तर नाहीच.

रविवारी ताई आली. चप्पल काढली, खिडकीजवळच्या तिच्या उंच खुर्चीत बसली, चहा घेतला. नकाशाच्या मध्यावर वितळलेल्या मेणाचं थारोळं तसंच होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. कवळीवाल्यानं घसा खाकरला आणि आवाज खाली आणून सांगायला सुरुवात केली, की नावाडीण राखेच्या मैदानात आली आहे. पायाखाली अजून ऊब आहे. जळलेल्या जागेत एक ठिणगी उरली आहे, आणि नावाडिणीनं हाक दिली आणि नशिबानं कौल दिला तर चादरी पुन्हा उभ्या राहतील. त्याला सहाच हवा, त्याहून कमी चालायचं नाही. हा जुना फासा वापरावा, हा मला एका पेटीत सापडला.

ताईनं फासा घेतला, टाकला. सहा.

केमिस्टनं आरोळी ठोकली. बाईंनी ताईच्या पाठीवर थाप मारली. कवळीवाल्यानं आश्चर्याचा चेहरा केला. इथं त्यानं थांबायला हवं होतं. पण चांगलं चाललेलं असताना थांबणं त्याला कधीच जमलं नव्हतं, राखेचा राजाही त्यातूनच आला होता. दालन किती मोठं उभं राहतं ते पाहण्यासाठी आणखी एकदा टाका, तो म्हणाला. सहा. केमिस्टनं टाळी वाजवली, पण एकच. आणि तिथली शक्ती किती टिकेल त्यासाठी शेवटचं एकदा, तो म्हणाला. जीभ पुढे गेली होती आणि डोकं मागून येत होतं. फासा टेबलावर घरंगळला, प्लास्टरच्या डोंगराला धडकला, क्षणभर दुसऱ्याच बाजूवर रेलला, आणि मग जड माणूस कुशीवर वळावा तसा सावकाश वळून सहावर बसला.



केमिस्टनं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. ‘‘घुबडाच्या वेळी हा फासा कुठं होता हो?’’ त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर कवळीवाल्याला बरं वाटलं असतं.

ताईनं फासा उचलून नकाशाच्या कडेला ठेवला. ‘‘तिथं फासा लागत नसे, छोट्या,’’ ती म्हणाली.

 आठवडाभर कवळीवाला तो कण कुठं पुरायचा, चकाकी कशी द्यायची याचा विचार करत होता, आणि ही एवढी गोष्ट त्याला आठवली नव्हती. मुलूख त्याचा, नियम त्याचे, ते दालन त्यानं हातानं केलेलं.

‘‘जळलं ते जळलं,’’ ताई म्हणाली. ‘‘मला ते परत नको. हे असलं तर नकोच नको. एवढंच सांग. जाळताना तुला ठाऊक होतं ना, ते कुणाचं आहे?’’

आता दोन वाटा होत्या. बोलण्याच्या ओघात लक्षातून गेलं, असं म्हणता आलं असतं, आणि इथं बसलेल्या प्रत्येकानं ते चालवून घेतलं असतं. बाई तर आशेनं त्याच्याकडे बघत होत्या.

‘‘ठाऊक होतं,’’ तो म्हणाला.

‘‘मग?’’

‘‘केमिस्टनं जांभई दिली.’’

‘‘मी?’’ केमिस्ट म्हणाला.

‘‘आवाज काढून,’’ कवळीवाला म्हणाला. ते म्हणताना आपण किती क्षुद्र आहोत हे त्याला पुरतं दिसत होतं. तरी खरं तेवढंच होतं, त्याच्या मागे आणखी काही भारदस्त कारण दडलेलं नव्हतं. तुझी आठवण जाळली कारण एका माणसाला झोप येत होती.  मग बाई टेबलाकडे बघत पुटपुटल्या, की मी मोबाइल बघत होते, तेही त्यात धरा.

ताई हसली नाही. पण तिनं कपांकडे हात नेला नाही, हे कवळीवाल्यानं टिपलं. ती नकाशाकडे बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जशी ती चादरीवरचा डाग शोधत असेल.

‘‘यात तुझी कुठली?’’

त्याला कळेना.

‘‘जागा. केमिस्टांची आहे, बाईंची आहे, माझी होती. तुझी कुठंय?’’

त्याची नव्हती. तो खेळ चालवणारा. चालवणाऱ्यानं जागा द्यायची अशी रीत नव्हती, आणि रीत त्यानंच घातली होती. हे त्यानं सांगितलं. सांगता सांगता ते कसं ऐकू येतंय ते त्याला ऐकू आलं. सगळ्यांच्या जिवाचं त्याच्या टेबलावर, आणि त्याचं कुणाच्याच नाही.

‘‘दे मग आज,’’ ताई म्हणाली. तिनं कान पुढे केला.

कवळीवाल्याला आधी एक डोंगर आठवला, जिथं तो कॉलेजात असताना गेला होता. डोंगर चांगला होता, धुकंबिकं होतं. पण तिथं आत काही हललं नव्हतं. पायाला फोड आले होते. मग त्याला दुसरं काही आठवेना. आणि मग आठवलं. तो उठून ताईच्या खुर्चीशी गेला, वाकला आणि तिच्या कानात सांगितलं.

त्यानं सांगितलं, की ही खुर्ची. त्या दिवशी तू रडत होतीस आणि मी ट्रे धरून उभा होतो. ठसा केव्हाच घट्ट झाला होता, ताई. लगद्याला किती वेळ लागतो ते मला झोपेतही कळतं. मी काढला नाही. काढला असता तर तू बोलली असतीस आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून मी तुझी हनुवटी धरून नुसता उभा राहिलो, आणि तुझं पाणी माझ्या हातावरून जात होतं, आणि मला वाटत होतं की हे असंच राहावं, कुणी काही बोलू नये.

केमिस्ट आणि बाई रीतीप्रमाणे खिडकीबाहेर बघत होते. इतकं मन लावून बघत होते, की बाहेर काहीतरी असावं असं वाटलं असतं.

‘‘दम कोंडला होता माझा,’’ ताई एवढंच म्हणाली.

मग तिनं सुरी मागितली. गुलाबी मेणाचा गोळा घेतला, दिव्यावर धरला, आणि वितळलेल्या पांढऱ्या थारोळ्याच्या शेजारी स्वतःच खुर्ची करायला बसली. तिला मेणाची सवय नव्हती. एक पाय आखूड झाला, पाठ बाकाच्या पाठीसारखी रुंद आली, आणि सगळी खुर्ची एका अंगाला कलली, बसणारा घसरेल अशी. कवळीवाल्याचे हात शिवशिवत होते. एक पाय नुसता तापवून ताणला असता तर काम झालं असतं. त्यानं हात पाठीमागे बांधले.

‘‘इथं फासा?’’ केमिस्टनं विचारलं. त्याचा मांत्रिक बरेच दिवस दमलेला होता.

कवळीवाला तोंड उघडणार होता, पण उत्तर आज त्याचं नव्हतं. ताईनं विचार केला.

‘‘लागेल,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचा घरचा आणा.’’

त्या दिवशीचा खेळ तेवढ्यावरच संपला. केमिस्ट जाताना तो देखणा फासा खिशात घालून गेला; घुबडाची आठवण म्हणून, असं म्हणाला, आणि कुणी अडवलं नाही. बाई गेल्या. ताई मोरीपाशी थोडा वेळ होती, पाण्याचा आवाज आला. मग तिनं चप्पल घातली, येते म्हणाली, आणि पुढच्या रविवारचं काही न बोलता गेली.

कवळीवाला आवरायला वळला. तीन कप टेबलावर तसेच होते, तळाशी चहा वाळलेले. चौथा, तिचा, धुऊन मोरीच्या कडेला पालथा घातला होता.

चारही धुतले असते तर त्याला कळलं असतं. एकही धुतला नसता तरी कळलं असतं. तो बराच वेळ त्या एका कपाकडे बघत उभा राहिला. मग बाह्या सारून बाकीचे तीन धुवायला लागला.